सुरुवात घरापासून, मुक्काम कुठे?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमचे भाऊबंद गावच्या घरी जमतात. नवी घागर भरायची, तिच्या तोंडावर डांगर ठेवायचं, गेलेल्यांच्या नावाने आगारी टाकायची आणि मग पंगत बसायची, हे पिढ्यान् पिढ्यांचं ठरलेलं आहे. यंदा पंगत उठते न उठते तोच वीज गेली. ओसरीतले पंखे थांबले आणि वादाला तोंड फुटलं. पुण्याहून आलेला पुतण्या म्हणाला, हवामान बदलावर नुसतं बोलून भागणार नाही, सुरुवात आपल्या घरापासून व्हायला हवी. प्लास्टिक बंद, एसी चोवीसवर, दर वाढदिवसाला एक झाड. शेती सांभाळणारे नाना उसळले. "धूर अमेरिकेने करायचा, कोळसा कारखान्यांनी जाळायचा, अन् पिशव्या आम्ही धुवायच्या? आपल्या चार खाटांच्या घराने जगाची हवा तापली का रे भो?" तासभर हेच चाललं. कोणीच कोणाचं ऐकलं नाही, कारण दोघांचीही उत्तरं आधीपासून पाठ होती.

हा वाद आमच्याच ओसरीतला नाही. पाच जूनच्या पर्यावरण दिनाच्या आगेमागे शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, सोसायटीच्या बैठकीत तो याच दोन टोकांवर ताणला जातो. एकीकडे 'थेंबे थेंबे तळे साचे', दुसरीकडे 'आभाळच फाटलं तिथे ठिगळ कुठे लावायचं'. दोन्ही म्हणी खऱ्या आहेत, पण दोन्ही म्हणून झाल्या की विचार थांबतो. माझं म्हणणं असं की 'कुटुंब की सरकार' हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. हवामान बदल समजून घ्यायला कुटुंबासारखी दुसरी जागा नाही. पण जी काळजी उंबऱ्याच्या आत सुरू होऊन आतच संपते, ती ना हवेला लागते ना पाण्याला. घर आणि सरकार यांच्या मध्ये एक तिसरी जागा असते: शेजारचा बांध, गल्ली, भाऊबंद, गाव. घरातली समजूत तिथे जाऊन सगळ्यांना बांधणारा नियम झाली, तरच तिला बळ येतं. खानदेशाला हे बाहेरून शिकायची गरज नाही. आपल्याकडे ते होतं, आपण ते हातचं घालवलं.

नानांच्या बाजूचं बळ आधी मान्य करतो, कारण ते थोडंथोडकं नाही. भारतातला माणूस वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. जगाची सरासरी साडेचार टनांच्या पुढे आहे, अमेरिकेतल्या माणसाची चौदा टनांच्या घरात. त्यातही भारताची सरासरी काढताना मुंबईतला बंगला आणि धडगावच्या डोंगरातली पावरा आदिवासी कुटुंबाची झोपडी एकाच भागाकारात बसवलेली असते. त्या झोपडीतल्या माउलीला पर्यावरणाची शपथ द्यायची, हा शुद्ध अन्याय आहे. औद्योगिक क्रांतीआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० भाग होता, आज तो ४२० च्या पुढे गेलाय, आणि साचलेल्या त्या ओझ्यातला मोठा वाटा युरोप-अमेरिकेच्या धुराड्यांचा आहे. आणखी एक गोष्ट. प्रत्येक घराने आपापल्या धुराचा हिशेब मांडावा, ही कल्पना घरोघरी पोचवण्यात बीपी या तेल कंपनीचा मोठा हात होता. २००४ च्या सुमाराला तिने लोकांसाठी तसं गणित करण्याचं साधनच उपलब्ध करून दिलं आणि त्याची जोरात जाहिरात केली. तेल विकणाऱ्याने तेल जाळणाऱ्याकडे बोट दाखवावं, यातली मेख नानांना कोणी समजावून सांगावी लागत नाही.

नानांनी न मांडलेला एक मुद्दा मला याहून जड वाटतो. 'कुटुंबाने करावं' असं म्हणताना कुटुंबातल्या कोणी करायचं, हे कोणी विचारत नाही. ओला-सुका कचरा वेगळा कोण करणार? जुन्या लुगड्यांच्या पिशव्या कोण शिवणार? आमचा वाद रंगात आला होता तेव्हा माझी वहिनी आणि दोन सुना मागच्या स्वयंपाकघरात, पत्र्याखाली होत्या. सकाळी सहापासून खापरावर मांडे भाजून झाले होते, आता भांडी चालली होती. धाकट्या भाचीने शाळेच्या प्रकल्पासाठी एक तापमापक आणला होता. तो घेऊन ती घरभर फिरत होती. ओट्यावर निंबाखाली तिने तो दहा मिनिटं ठेवला, आकडा वहीत लिहिला, मग स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. धावत ओसरीत आली आणि दोन्ही आकडे मोठ्याने वाचून दाखवले. एकाच घरात, एकाच वेळी, निंबाखाली आणि पत्र्याखाली साडेपाच अंशांचा फरक होता. हवामान बदलावर तासभर भांडणारे आम्ही सगळे क्षणभर गप्प झालो. आमच्यापैकी एकानेही सकाळपासून त्या खोलीत पाय ठेवला नव्हता.

हे स्वयंपाकघर पूर्वी धाब्याचं होतं. लाकडी सऱ्या, त्यावर काड्या आणि वर मातीचा जाड थर. धाब्याखाली मे महिन्यातही पाठ टेकता यायची. पण मी धाब्याच्या आठवणीने गळा काढणार नाही. ते गळायचं, दर पावसाळ्याआधी त्यावर माती चढवावी लागायची, उंदीर-घुशी त्यात घर करायच्या, आणि ती माती डोक्यावरून वाहणाऱ्याही बायकाच असायच्या. धाबं गेलं ते योग्य कारणांनी गेलं. माझी तक्रार वेगळी आहे. पत्रा घालायचं ठरलं तेव्हा घरातल्या पुरुषांनी एका दुपारी दर काढले आणि सौदा केला. उन्हाळ्यात खाली काय होईल हा प्रश्न निघालाच नाही, आणि जिला तिथे उभं राहायचं होतं तिला कोणी विचारलं नाही. कुटुंबाने हवामान बदल समजून घेणं म्हणजे नेमकं काय, असं मला कोणी विचारलं तर मी हाच प्रसंग सांगेन. जगाचं सरासरी तापमान औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत एक अंशाहून जास्त वाढलंय, ही माहिती पाठ असणं म्हणजे समजूत नव्हे. ती वाढ आपल्या घरात कोणाच्या अंगावर येते, कोणत्या भिंतीतून आणि कोणत्या छपरातून येते, हे कळणं म्हणजे समजूत.

नानांना माझं उत्तर इथेच आहे. हवा कोणी तापवली आणि त्या हवेत कोण भाजतंय, हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचा न्याय मागायलाच हवा, जगाच्या चावडीवर जाऊन मागायला हवा. पण तो निवाडा होईपर्यंत वहिनीने पत्र्याखाली उभं राहायचं का? त्याच आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, नवं साल ठरलं. पैसे किती, धान्य किती, कपडे कोणते, सगळं बोलून झालं. चैत्र-वैशाखात दुपारी बारा ते चार तो केळीच्या बागेत राबणार की सावलीला बसणार, यावर चकार शब्द निघाला नाही. ज्याला आपण 'घरचाच माणूस' म्हणतो त्याच्या उन्हाचा करार कुठल्या पॅरिसच्या हवामान परिषदेत होणार आहे? तो आपल्या ओसरीतच व्हायला हवा, आणि एकट्या आमच्या नव्हे, गावातल्या सगळ्या बागायतदारांच्या ओसरीत एकसारखा व्हायला हवा. नाहीतर जो मालक सावली देईल तो तोट्यात आणि जो देणार नाही तो फायद्यात, असं होऊन बसेल. अहमदाबादने २०१० च्या उष्णतेच्या लाटेत शेकडो माणसं गमावल्यावर २०१३ साली शहरासाठी उष्णता कृती आराखडा केला. पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा लेप देण्याचं कामही तिथे झालं. चुना प्रत्येकाला परवडतो हे खरं, पण आराखड्यात आला तेव्हाच तो शेजारच्या छपरापर्यंत पोचला.

आता पुतण्याच्या बाजूकडे वळतो. त्याच्या तळमळीबद्दल मला शंका नाही, आणि सवयी निरुपयोगी असतात असंही मी म्हणत नाही. कापडी पिशवी हातात घेतलेलं पोर उद्या ग्रामसभेत प्रश्न विचारायला उभं राहण्याची शक्यता जास्त. पण 'हवामान बदल' हा शब्द तो ज्या सैलपणे वापरतो, तो मला घातक वाटतो. एका आखाजीचं ऊन म्हणजे हवामान बदल नव्हे. अनेक दशकांची सरासरी आणि टोकाच्या घटनांची वारंवारता बदलते, तेव्हा तो शब्द वापरायचा. तसा बदल होतोय याबद्दल आता शंका उरलेली नाही. मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, असा पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. कारण समजायला सोपं आहे. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. मग पाऊस लांबतो तेव्हा लांबतो आणि कोसळतो तेव्हा कोसळतो. हे सगळं खरं असूनही आपल्या प्रत्येक दुखण्याला हवामान बदलाचं नाव देणं खरं नाही. नाला बुजवून त्यावर दुकानांचे गाळे बांधले आणि बाजारपेठेत पाणी शिरलं, तर तो दोष ढगाचा नाही. पूर्वी 'देवाची करणी' म्हणून सुटका व्हायची, आता 'हवामान बदल' म्हणून होते. दोन्हींत माणूस मोकळा.

आमच्या केळीपट्ट्याचंच घ्या. जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरचं भूजल अतिउपशाच्या यादीत गेलं, म्हणजे जमिनीत जितकं पाणी मुरतं त्याहून जास्त आपण वर ओढतो. आभाळाने हात आखडला म्हणून विहिरी आटल्या असं म्हणायची सोय आहे, पण मुख्य कारण पाणी उपसणाऱ्या मोटारी आहेत. निसर्गाने तर या पट्ट्यावर मेहेरनजर केली होती. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा बझाडा पट्टा आहे. डोंगरावरून उतरलेलं पाणी तिथे चाळणीतून जावं तसं जमिनीत उतरतं आणि तापीकाठच्या गाळापर्यंत पोचतं. माझ्या आजोबांच्या विहिरीवर मोट चालायची. वडिलांच्या काळात तिच्यात आडवे बोअर मारले, मग उभे मारले, आणि आता विहीर कोरडी पडून शेजारी बोअर आहे. प्रत्येक पिढीने आपल्या कुटुंबासाठी योग्य तोच निर्णय घेतला. कोणीही लोभी नव्हतं. प्रत्येक कुटुंब शहाणं आणि सगळा पट्टा कोरडा, ही आपली खरी अडचण आहे, आणि 'प्रत्येकाने स्वतःपासून सुरुवात करावी' या उपदेशात तिला उत्तर नाही.

कोणी म्हणेल, ठिबक आलं ना! जळगाव जिल्ह्याने देशाला ठिबक दाखवलं, याचा मलाही अभिमान आहे. एका खोडामागे पाणी वाचलं हे निर्विवाद. पण वाचलेल्या पाण्याचं पुढे काय झालं, हे आपापल्या गावात आठवून पाहा. ते जमिनीत राहिलं की त्यावर आणखी दोन एकर केळी उभी राहिली? ऑक्टोबरच्या सुमाराला लावायची केळी, म्हणजे कांदेबाग, होतीच, तिच्या जोडीला जूनमध्ये लावायची मृगबागही आली. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८६५ सालीच कोळशाबद्दल हे सांगून ठेवलंय. यंत्रं कमी कोळशात जास्त काम करू लागली तेव्हा इंग्लंडचा कोळसा वाचला नाही, उलट जास्त खपला, कारण काम स्वस्त झालं. काटकसर घरात झाली आणि मर्यादा मात्र कोणीच आखली नाही, तर काटकसरीतूनच उपसा वाढतो. पुतण्याच्या चोवीसवरच्या एसीलाही हाच नियम लागू आहे. वाचलेल्या बिलात दुसऱ्या खोलीला एसी बसतो. तळं साचायला थेंब लागतात हे खरं, पण तळ्याला काठही लागतो.

तो काठ आपल्याकडे होता. पांझरेच्या खोऱ्यात, साक्री-धुळ्याच्या बाजूला, निदान तीनशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर ओळीने बंधारे, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या थळाचे, म्हणजे भिजणाऱ्या जमिनीचे, फड म्हणजे मोठे तुकडे पाडलेले, आणि शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली. एका फडात त्या साली एकच पीक. कोणत्या फडात ऊस आणि कोणता फड कमी पाण्याच्या पिकाला, हे पाणी बघून सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि पाळीपाळीने बदलायचं. पाणी पाजायचं काम पाटकरी करणार, शेतमालकाने स्वतः दार उघडायचं नाही. वर हवालदार, राखणीला जागल्या, आणि पाटाची सफाई सगळ्यांनी मिळून. या रचनेतली खोली लक्षात घ्या. पाणी वाचवा असं तिथे कोणी कोणाला सांगत नव्हतं. आधी पाणी किती ते पाहायचं, मग पीक ठरायचं. आज आधी पीक ठरतं आणि मग त्याच्या तहानेएवढी भोकं जमिनीला पाडली जातात. वरच्या अंगाला धरणं झाली, शेतोशेती विहिरी आणि मोटारी आल्या, आणि फडांची शिस्त मोडत गेली. ज्याच्याकडे स्वतःची मोटार आहे त्याला पाटकऱ्याची गरज काय?

फडाची आठवण मी सोनेरी करणार नाही. ज्याला जमीन त्यालाच पाणी, असा तो कारभार होता. भूमिहीनाला तिथे आवाज नव्हता, बाईला तर नव्हताच. जातीची उतरंड पाटाच्या पाण्यात विरघळत नव्हती. म्हणून तो जसाच्या तसा परत आणा असं मी म्हणत नाही. पण सामायिक नियम हा फक्त इतिहासातच चालतो, असंही कोणी म्हणू नये. साक्री तालुक्यातलं बारीपाडा हे आदिवासी गाव आजचं आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उघड्या पडलेल्या डोंगरावर या गावाने चारशे हेक्टरांहून जास्त जंगल राखलं. या कामाचे म्होरके चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. तिथे प्रत्येकाने वाढदिवसाला एक झाड लावलं नाही. गावाने कुऱ्हाडबंदी केली, मोडणाऱ्याला दंड ठरवला आणि राखण केली. मुळं, खोडं जमिनीत होतीच, त्यांना फक्त जगू दिलं. तुलनेला, २०१९ साली राज्याने एका पावसाळ्यात ३३ कोटी झाडं लावण्याचा संकल्प सोडला होता. त्यातली तुमच्या गावाच्या वाट्याची झाडं आज कुठे आहेत, हे शोधायला पोरांना पाठवून पाहा. शाळेचा उत्तम प्रकल्प होईल.

घर आणि सरकार एकमेकांच्या विरुद्ध उभे करू नयेत, याला माझ्याकडे आरोग्याच्या इतिहासातला एक दाखला आहे. पन्नाशीच्या पुढच्यांना नारू आठवत असेल. पिण्याच्या पाण्यातून पोटात जाणारा आणि वर्षभराने पायातून हातभर लांब बाहेर पडणारा तो जंत. त्याच्यावर ना लस होती ना औषध. तरी १९९६ साली भारतात त्याचा शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. कसा गेला? बायकांनी घराघरांत दुपदरी फडक्यातून पाणी गाळलं, हे अर्धं उत्तर. जिथे पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडायचे त्या पायविहिरी बंद करून तिथे काठावरून पाणी ओढायची सोय केली, हातपंप बसवले, विहिरींत औषध टाकलं, गावोगाव रुग्ण शोधले, हे उरलेलं अर्धं. फडकं नसतं तर हातपंप पोचेपर्यंत आणखी हजारो लोक पडले असते. आणि पायविहीर तशीच ठेवून फक्त फडक्याचा उपदेश केला असता, तर आजही आपण फडकीच धूत बसलो असतो. पुतण्याला फडकं दिसतं, नानांना हातपंप दिसतो, आणि दोघं एकमेकांना खोटं ठरवतात.

आमच्याच भागातलं दुसरं उदाहरण फैजपूरचं. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. टकळी आणि खादी ही त्या माणसांची घरातली साधना होती. पण ते सूत कातून घरी बसले नाहीत. त्याच मांडवात शेतसारा आणि खंड कमी करा, शेतकऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज उतरवा, अशा मागण्यांचा कार्यक्रम त्यांनी मंजूर केला. खादीने इंग्रज गेले का, असा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता. एकट्या खादीने कोणी गेलं नसतं. पण अंगावरच्या खादीने माणूस ओळखू यायचा, आणि ठराव मांडायला उभा राहिलेला माणूस काय किंमत मोजतोय हे समोरच्याला दिसायचं. कापडी पिशवीला मी तेवढीच जागा देतो. पण तिच्यापुढे ठराव कुठे आहे?

सरकारलाही घराची भाषा फार सोयीची वाटते, हे इथेच सांगायला हवं. पर्यावरणपूरक जीवनशैलीचं 'मिशन लाइफ' ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातमधल्या केवडियाला सुरू झालं. त्यातलं बहुतेक सांगणं बरोबर आहे: वीज वाचवा, पाणी वाचवा, अन्न टाकू नका. पण केवडियाच्या सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्यात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं आली. मणिबेलीसारख्या गावातल्या ज्या माणसांचा हवेवर काडीचाही भार नव्हता, त्यांनी जमीन दिली, जंगल दिलं, पूर्वजांच्या जागा दिल्या. त्यांना जीवनशैली शिकवण्याआधी त्यांच्या त्यागाची नोंद त्या व्यासपीठावर व्हायला हवी होती. देशातली तीन चतुर्थांशाच्या आसपास वीज अजून कोळशावर होते, भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राची धुराडी त्यातलीच. घरातला दिवा बंद केल्याने ती बंद होणार नाहीत. ती कधी आणि कशी बंद होणार, तिथल्या कामगारांचं काय होणार, धुळे जिल्ह्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हा स्थानिकांच्या पदरात काय पडलं, हे प्रश्न राजकारणाचे आहेत आणि राजकारणातच विचारावे लागतील. मतदान कुटुंबात चर्चा करूनच होतं ना? मग छतावरच्या सोलरचं अनुदान किती मिळतं यावर जेवढी चर्चा घरात होते, तेवढी उमेदवाराने भूजलाबद्दल काय म्हटलं यावर का होऊ नये?

आता आखाजीच्या दिवसाचं उरलेलं सांगतो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर नानांनी विषय काढला की जुनं बोअर ओढ देतंय, दुसरं घ्यायला हवं, निम्मे पैसे पुण्याहून आले तर बरं. पुतण्या लगेच 'हो' म्हणाला. पिशव्यांवरून तासभर भांडलेल्या त्या दोघांचं नव्या बोअरवर पाच मिनिटांत एकमत झालं. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला नाही, भीती वाटली. आमच्या घराचा निसर्गावरचा सगळ्यात मोठा घाव याच निर्णयात होता, आणि तो पर्यावरणाच्या चर्चेत मोडतो हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. शेतीसाठी साठ मीटरच्या खाली बोअर घेण्यावर बंधन घालणारा भूजल कायदा २००९ चा आहे, २०१४ पासून तो लागूही आहे, आणि आमच्या शिवारात दोनशे फुटांवर थांबलेलं बोअर शोधून सापडत नाही. सरकारने नियम करावा असं म्हणणाऱ्या नानांना मी तो कायदा सांगितला. ते म्हणाले, "मी थांबेन. पण नाल्यापलीकडचा थांबला नाही तर माझ्याच खालचं पाणी तो ओढेल. मग मी शहाणा की खुळा?"

हा खरा प्रश्न आहे आणि मी त्याला हसण्यावारी नेणार नाही. एकट्याने थांबणं हा त्याग ठरतो आणि त्याग दरवर्षी मागता येत नाही. उत्तर एकच दिसतं: एका झऱ्यावर जेवढे खातेदार, तेवढ्यांनी एकत्र बसायचं. आमच्या बांधाला लागून सात खातेदार आहेत. पंधरा दिवसांनी निंबाखाली बैठक बोलावली, पाच जण आले. दोघांच्या घरच्या बायकाही आल्या, आणि पाणी कोणत्या महिन्यात किती वेळ चालतं हे त्यांनाच नेमकं ठाऊक होतं. दोन वर्षं नवं बोअर घ्यायचं नाही, नाल्यात पावसाआधी मिळून दोन ठिकाणी माती-दगडाचे बांध घालायचे, मृगबाग निम्म्यावर आणायची आणि बागेभोवतीची वारा अडवणारी शेवरीची झाडं, जी काढून टाकली होती, ती पुन्हा लावायची, असं पाच जणांत ठरलं. उरलेल्या दोघांपैकी एकाने स्पष्ट नकार दिला. त्याच्यावर कर्ज आहे, केळीशिवाय हप्ता फिटत नाही, आणि त्याचं म्हणणं मला चूक म्हणता आलं नाही. त्याचा हप्ता हा आता आमच्याही बैठकीचा विषय आहे.

पुण्याहून आलेले पैसे बँकेत आहेत. त्यातून आधी स्वयंपाकघराचं छप्पर होईल, असं वहिनीने सांगून टाकलंय. तोवर पत्र्यावर चुन्याचे दोन हात बसलेत, आणि भाची रोज दुपारी फळीवरचा आकडा वहीत लिहिते. नाल्यापलीकडच्या खातेदाराने अजून हो म्हटलेलं नाही. नाना दर शनिवारी संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसतात.